कोविडनंतर अचानक अंधुक झालेला एक डोळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोविड आता बातम्यांतून गेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले आणि ते योग्यच होते. विषाणू मात्र गेलेला नाही. चार दिवस ताप, घसा, अंगदुखी होते, मग ‘व्हायरल होतं’ म्हणून विषय संपतो. तपासणी कोणी करत नाही. त्यानंतर महिना-दीड महिन्याने एका डोळ्याने अंधुक दिसू लागले, तर त्या तापाची आठवण ना रुग्णाला होते, ना डॉक्टरला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या वाचकांसाठी ही सांगड घालून द्यावी, म्हणून हे पत्र.

डोळ्याच्या आतल्या पडद्याची (रेटिनाची) रक्तवाहिनी बंद होते तेव्हा डोळा दुखत नाही. लाल होत नाही, पाणी गळत नाही, चिपडे येत नाहीत. आरशात दोन्ही डोळे सारखेच दिसतात. दुसरा डोळा चांगला असल्याने गाडी चालवता येते, माग चालवता येतो, टीव्ही दिसतो. मग एखाद्या सकाळी तोंड धुताना चांगल्या डोळ्यात साबण जातो, तो मिटतो, आणि समोरच्या भिंतीवरचे घड्याळ मधोमध पुसल्यासारखे दिसते. रुग्ण सांगतो, नजर आज गेली. ती कित्येकदा तीन आठवडे आधीच गेलेली असते.

पडद्याला रक्त आणणारी एक मुख्य धमनी आणि ते परत नेणारी एक मुख्य नीला असते. या दोघी डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टीच्या नसेतून, एकमेकींना खेटून जातात. धमनीचा व्यास जेमतेम ०.१६ मिलिमीटर. पुढे पडद्यावर तिच्या फांद्या जिथे नीलेच्या फांद्यांना ओलांडतात, तिथे दोघींवर मिळून एकच वेष्टन असते. बीपीने धमनी कडक झाली की त्या जागी नीला दबते. उसाच्या शेतात हे रोज दिसते. पाटाचे तोंड बुजले तर पीक वाळते. ही धमनी बंद झाल्याची गत. निचऱ्याची चर तुंबली तर पाणी येत राहते, जायला वाट नसते, सरीत साचते आणि मुळ्या कुजतात. ही नीला बंद झाल्याची गत. पहिल्या प्रकारात हाताशी तास असतात, दुसऱ्यात दिवस आणि आठवडे. एवढा फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा.

कोविड यात दोन बाजूंनी येतो. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला सूज येते, आणि रक्त गोठण्याकडे झुकते. दुसऱ्या लाटेत ‘डी-डायमर’ (रक्तातल्या गुठळ्यांचा माग देणारी तपासणी) हा शब्द घराघरांत पोचला तो याच कारणाने. तापात पाणी कमी पोटात जाते, माणूस अंथरुणाला खिळतो, त्यानेही रक्त दाटते. ताप उतरला म्हणून अस्तराची सूज त्याच दिवशी उतरत नाही.

भीती घालण्याचा आमचा हेतू नाही, म्हणून आकडेही सांगतो. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियातील ४,३२,५१५ कोविड रुग्णांच्या नोंदी तपासलेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. संसर्गाच्या आधीच्या काळाशी तुलना करता, नंतर नीला बंद होण्याचे प्रमाण सुमारे दीडपट झालेले आढळले आणि ते सहाव्या ते आठव्या आठवड्यात सर्वाधिक होते. तरीही प्रत्यक्ष आकडा होता दर पंधरवड्याला १० लाख रुग्णांमागे सुमारे १२. धमनीच्या बाबतीत वाढ तेवढी स्पष्ट दिसली नाही. म्हणजे कोविड झालेल्या प्रत्येकाने पडदा तपासून घ्यायला धावण्याची काही गरज नाही. लक्षण दिसले तर मात्र त्याच दिवशी धावले पाहिजे. एखाद्या रुग्णात ‘हे कोविडमुळेच झाले’ असे छातीठोकपणे सांगता येत नाही. ताप येऊन गेला होता म्हणून बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आणि काचबिंदू तपासायचे राहून गेले, तर खरे कारण हातचे निसटते. कोविडवर स्टेरॉइड घेतलेल्यांची शुगर वाढलेली असू शकते, ती तर आधी पाहावी. चाळिशीच्या आतला रुग्ण असेल आणि यांतले काहीच सापडले नाही, तर रक्तातला होमोसिस्टीन हा घटक आणि रक्त गोठण्याचे विकार यांच्या तपासण्या कराव्या लागतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्याही न लाजता सांगाव्यात.

आता धमनीबद्दल, कारण घाई तिथे आहे.

काही सेकंदांत एका डोळ्यापुढे अंधार होतो. हात हलवलेला कळतो, बोटे मोजता येत नाहीत. माकडांवरच्या प्रयोगांत असे दिसले होते की रक्त बंद झाल्यावर सुमारे १०० मिनिटांपर्यंत पडदा सावरतो, आणि चार तास उलटले की इजा भरून येण्यापलीकडे जाते. अंगावरून वारं गेले की आपण माणसाला उचलून दवाखान्यात नेतो, सकाळची वाट बघत नाही. इथे डोळ्यावरून वारं गेले आहे असेच समजावे. ही नुसती उपमा नाही. डोळ्याची धमनी मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचीच फांदी आहे, आणि या रुग्णांना पुढच्या काही दिवसांत, आठवड्यांत खरोखरीचा लकवा होण्याचा धोका वाढलेला असतो.

म्हणून घरच्यांनी आधी घड्याळ बघावे आणि वेळ कागदावर लिहावी. वेळ म्हणजे नजर शेवटची नीट होती ती. झोपेतून उठल्यावर कळले असेल तर रात्री झोपतानाची. रुग्णाला उताणे झोपवावे, उशी काढावी. १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या गाडीने निघावे. रुग्णाने स्वतः गाडी चालवू नये. जायचे कुठे, हा प्रश्न महत्त्वाचा. चष्म्याचे दुकान नको, आणि रात्रीच्या वेळी बंद असलेला डोळ्यांचा दवाखानाही नको. कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयासारख्या, मेडिसिन आणि नेत्र असे दोन्ही विभाग असलेल्या, लकव्याचे रुग्ण घेणाऱ्या रुग्णालयात थेट जावे. चंदगडहून कोल्हापूर गाठायला किती वेळ लागतो हे तिकडच्या लोकांना सांगायला नको. तिथे पहिला अर्धा तास ‘थोडं पडून बघ, बरं वाटेल’ यात घालवणे परवडणारे नाही. ॲस्पिरिन आपल्या मनाने देऊ नये, कारण मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री आधी व्हावी लागते. बीपी वाढलेले दिसले म्हणून जिभेखाली गोळी ठेवून ते एकदम पाडणे तर फारच घातक. आधीच उपाशी असलेल्या पडद्याचे उरलेसुरले रक्तही त्याने कमी होते.

रुग्णालयात गेल्यावर नजर परत येईलच असे आम्ही सांगू शकत नाही. डोळ्याला मसाज, डोळ्यातील दाब उतरवणे, दाब उतरवण्यासाठी डोळ्यातले थोडे पाणी काढणे हे उपाय करतात, पण त्यांचा भरवसा कमी आहे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन काही केंद्रांत साडेचार तासांच्या आत देतात, तेही अजून वादातीत नाही. मग घाई कशासाठी? एक तर थोडीफार संधी असते ती याच वेळात. दुसरे म्हणजे मानेच्या धमनीचा डॉपलर, हृदयाचा इको, ईसीजी आणि मेंदूचे स्कॅन लगेच झाले तर पुढचा लकवा टाळता येतो. डोळा गेला तरी उजवा हात आणि वाचा वाचवता येते.

साठीच्या आसपासच्या किंवा पुढच्या रुग्णाला सोबत कानशिलात दुखणे, वेणी घालताना डोक्याची कातडी हुळहुळणे, भाकरी चावताना जबडा भरून येणे यांतले काही असेल, तर ते आवर्जून सांगावे. धमन्यांच्या सुजेचा एक वेगळा आजार असतो. आपल्याकडे तो कमी दिसतो, पण ईएसआर आणि सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या करून लगेच स्टेरॉइड सुरू केले नाही, तर दुसरा डोळाही काही दिवसांत जाऊ शकतो.

कधी कधी नजर पाच-दहा मिनिटे जाते आणि पूर्ण परत येते. वरून खाली खिडकीचा पडदा उतरल्यासारखे होते आणि मग तो वर जातो. ‘आलं की परत’ म्हणून लोक गप्प बसतात. ही सूचना असते. त्याच दिवशी तपासणी हवी.

नीला बंद झाली तर चित्र संथ असते. सकाळी उठल्यावर एका डोळ्यापुढे धूर, माणसाचा चेहरा मधोमध वितळल्यासारखा, विजेच्या तारा वाकड्या, किंवा वरचा नाहीतर खालचा अर्धा भाग काळपट. पडदा तपासताना फुगलेल्या, वेड्यावाकड्या नीला आणि ज्वाळांसारखे पसरलेले रक्त दिसते. नजर कमी होते ती मुख्यतः पडद्याच्या मध्यभागी साचलेल्या पाण्याने. ओसीटी नावाच्या स्कॅनमध्ये हे पाणी मोजता येते: निरोगी डोळ्यात मध्यभागाची जाडी सुमारे पाव मिलिमीटर, सुजलेल्या डोळ्यात ती अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून जास्त भरते. स्कॅनला सुई नाही, रक्त नाही, काही मिनिटांत होते.

एक तिसरा, फसवा प्रकारही कोविडनंतर नोंदला गेला आहे. वाचताना नेमक्या एका अक्षरावर करडा ठिपका बसतो आणि नजरेबरोबर फिरतो. इथे पडद्यातल्या केसाहून बारीक वाहिन्यांचे रक्त अडलेले असते. साध्या तपासणीत काही दिसत नाही आणि ‘डोळे ठणठणीत आहेत’ असे सांगून रुग्णाला परत पाठवले जाते. ओसीटी आणि त्याबरोबरचा इन्फ्रारेड फोटो पाहिला की तो डाग सापडतो. ठिपका नेमका कुठे दिसतो ते रुग्णाने कागदावर काढून आणले तर शोधणे सोपे जाते.

नीलेच्या आजारावर रक्त पातळ करण्याची गोळी हा उपाय नाही. त्या गोळीने डोळ्यातली गुठळी विरघळून नजर येत नाही. हृदयासाठी वगैरे चालू असेल तर ती बंदही करू नये. उपाय आहे तो साचलेले पाणी कमी करणाऱ्या, डोळ्यातल्या इंजेक्शनचा: बेव्हॅसिझुमॅब, रॅनिबिझुमॅब किंवा अफ्लिबरसेप्ट. नाव ऐकूनच पाय गळतात, म्हणून नेमके काय होते ते सांगतो. थेंबांनी डोळा बधिर करतात. ५ टक्के पोव्हिडोन आयोडीनने तो धुतात. जंतुसंसर्ग टाळण्यात सर्वांत मोठा वाटा याचाच, तेव्हा चुरचुरले तरी सहन करावे. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटरवर, पांढऱ्या भागातून, केसासारख्या सुईने ०.०५ मिलिलिटर औषध सोडतात, म्हणजे जवळजवळ एक थेंब. सुई आत असते ती एक-दोन सेकंद. गेल्या तीन महिन्यांत हृदयविकाराचा झटका किंवा लकवा येऊन गेला असेल तर ते आधी सांगावे, औषध त्याप्रमाणे ठरवावे लागते. स्टेरॉइडची बारीक कांडी डोळ्यात सोडण्याचाही पर्याय आहे, पण तिने डोळ्यातला दाब वाढू शकतो, तेव्हा दाब मोजत राहावे लागते. इंजेक्शननंतर चार-पाच दिवस डोळ्यात नळाचे पाणी जाऊ देऊ नये. नजर एकदम कमी झाली, ठणका लागला, डोळा लालबुंद झाला तर रविवार असो की सण, त्याच दिवशी परत यावे.

गोंधळ होतो तो इथून पुढे. पहिल्या इंजेक्शननंतर पंधरा दिवसांत नजर सुधारते आणि रुग्ण येणे बंद करतो. औषधाचा असर चार ते सहा आठवड्यांत ओसरतो, चर तुंबलेलीच असते, पाणी पुन्हा साचते. म्हणून सुरुवातीचे काही महिने दर महिन्याला तपासणी आणि गरजेप्रमाणे इंजेक्शन घ्यावे लागते. आपल्याकडे हा क्रम गळीत हंगामात मोडतो, मागाच्या पाळ्यांत मोडतो, आणि पंचगंगेला पूर आला की रस्तेच बंद होतात. पावसाळ्यातली तारीख चार दिवस आधी घेतलेली चालते, चार आठवडे पुढे ढकललेली चालत नाही. खर्चाचे म्हणाल तर तिन्ही औषधांच्या किमतींत मोठा फरक आहे. ‘स्वस्तातलं कुठलं चालेल?’ हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. पैशांअभावी महागडे एकच इंजेक्शन घेऊन थांबण्यापेक्षा परवडणारे वेळेवर घेत राहणे केव्हाही बरे.

नजर आधीच फार गेलेली आहे, आता काय राहिले, असे म्हणून थांबणाऱ्यांना आमची हात जोडून विनंती आहे. रक्ताविना राहिलेला पडदा नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या उगवण्याचे संदेश सोडतो. त्या बाहुलीच्या कडेवर आणि डोळ्यातले पाणी निचरा होण्याच्या कोपऱ्यात वाढतात, निचरा बंद होतो आणि दाब भडकतो. साधारण तीन महिन्यांनी होणारा म्हणून याला १०० दिवसांचा काचबिंदू म्हणतात. न दुखणारा डोळा तेव्हा असा ठणकतो की माणसाला उलट्या होतात, झोप लागत नाही. पहिले सहा महिने दर महिन्याला तपासणी झाली तर त्या वाहिन्या लवकर सापडतात आणि लेसरने त्यांना आवर घालता येतो. एक बारकावा: बाहुली मोठी करणारे थेंब टाकण्याआधी तिची कड तपासावी लागते, कारण बाहुली पसरली की या बारीक वाहिन्या दिसेनाशा होतात. थेंब टाकल्यावर चार-सहा तास अंधुक दिसते, तेव्हा तपासणीला येताना सोबत कोणी तरी असावे आणि दुचाकी चालवू नये.

फॅमिली डॉक्टरांसाठी दोन गोष्टी. ‘एका डोळ्याने कमी दिसतंय’ असा रुग्ण आला की खोलीत अंधार करून साध्या टॉर्चने बाहुल्या बघाव्यात. चांगल्या डोळ्यावर दोन-तीन सेकंद प्रकाश धरला की दोन्ही बाहुल्या आकसतात. तोच टॉर्च झटकन दुसऱ्या डोळ्यावर नेल्यावर बाहुल्या आकसण्याऐवजी पसरल्या, तर पडद्याचा किंवा नसेचा गंभीर आजार आहे असे धरावे. मोतीबिंदूने असे होत नाही. ‘मोतीबिंदू पिकू दे, मग बघू’ हा सल्ला देण्याआधी अर्ध्या मिनिटाची ही तपासणी करावी. आणि चिठ्ठीवर नुसते ‘डोळ्याची तक्रार’ न लिहिता ‘उजवा डोळा, तीन फुटांवर बोटे मोजतो, सकाळी ७.४० पासून, दीड महिन्यापूर्वी ताप, बीपी १७०/१००’ असे लिहावे. पुढच्या डॉक्टरचा त्याने बराच वेळ वाचतो. औषध दुकानदारांनी अशा रुग्णाला स्टेरॉइडचे थेंब देऊ नयेत. घरात मध, एरंडेल, दूध डोळ्यात घालणे तर कुणीच करू नये.

डोळा दुखत असेल, पापणी पडली असेल, डोळा बाहेर आल्यासारखा असेल, गाल बधिर असेल, नाकातून काळपट स्राव येत असेल, तर तो प्रकार निराळा. २०२१ मध्ये आपण सर्वांनी पाहिलेला म्युकरमायकोसिस (काळ्या बुरशीचा आजार) तो. त्यातही धमनी बंद होऊन नजर जाते, पण तिथे जीवच धोक्यात असतो आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ त्याच दिवशी लागतात.

लसीबद्दल विचारले जाते. लसीनंतर पडद्याच्या वाहिन्या बंद झाल्याच्या नोंदी आहेत. मोठ्या अभ्यासांचे निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. लस घेतली होती की नाही यावरून उपचारात काहीही बदलत नाही, तेव्हा त्या वादात तपासणीचा दिवस घालवू नये.

जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे आमचे मागणे छोटे आहे. तापाच्या रुग्णाच्या केसपेपरवर एक ओळ छापावी: ‘पुढच्या तीन महिन्यांत एका डोळ्याने अचानक कमी दिसले तर त्याच दिवशी या.’ आशाताई घरोघरी जातातच. बीपी-शुगरच्या रुग्णाला त्यांनी एक डोळा तळहाताने झाकून, न दाबता, दहा फुटांवरच्या दिनदर्शिकेवरची तारीख वाचायला सांगावी, मग दुसरा. चष्मा असेल तर चष्म्यासकट.

आणि संपादक महोदय, आपल्याकडे एक विनंती. या पत्राशेजारी जागा देता आली तर एक चौकट छापावी: १० सेंटीमीटर लांब, १० सेंटीमीटर रुंद, आत ५ मिलिमीटरचे खाने आणि बरोबर मध्यभागी एक ठळक ठिपका. वाचकांनी ती कापून स्वयंपाकघरात चिकटवावी, वाचायचा चष्मा लावून फूटभर अंतरावरून एकेका डोळ्याने ठिपक्याकडे पाहावे, आणि रेषा वाकड्या, तुटलेल्या किंवा पुसलेल्या दिसल्या तर ती जागा पेन्सिलीने गोल करून डॉक्टरांकडे यावे. पानावर बसवताना चौकट कुठल्याही बाजूने ताणू नये आणि रेषा सगळीकडे सारख्याच जाडीच्या ठेवाव्यात, नाहीतर निरोगी डोळ्यालाही खोट दिसेल.

आपले,
कोल्हापुरातील काही नेत्रपटलतज्ज्ञ आणि फिजिशियन